जुन्या स्पोर्ट्स कारमधली पेट्रोल गळती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात स्पोर्ट्स कार म्हटलं की लोक आधी रस्त्याकडे बघतात, मग आपल्याकडे. तरी गाड्या आहेत. पालिओ जीटीएक्स 1.6, होंडा सिटी व्हीटेक, शेंद्र्याच्या कारखान्यातून निघालेली ऑक्टेव्हिया आरएस, एखाद-दुसरी गोव्याची सॅन स्टॉर्म, आणि ताडपत्रीखाली झाकून ठेवलेल्या कार्बोरेटरच्या गाड्या. वीस-पंचवीस वर्षं झालेल्या या गाड्यांचे मालक फोनवर आणि मेसेजवर जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. तोच मुद्दा पुन्हा येतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. गाडीत पेट्रोलचा वास यायलाय, पण खाली एक थेंब दिसत नाही. मग गळती म्हणायची का?

तपासून होईपर्यंत गळतीच म्हणायची. एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडकडे पारा 42च्या पुढे जातो. अशा उन्हात बारीक झिरपणारं पेट्रोल जमिनीला लागायच्या आतच उडून जातं. मागे राहतात त्या खुणा. धुळीने माखलेल्या इंजिनवर एकच स्वच्छ धुतलेला ओघळ, सांध्याभोवती पिवळट-तपकिरी डाग, नाहीतर पाईपच्या टोकाला चिकटलेली ओलसर माती. एरवी आपण धुळीला शिव्या घालतो, पण या कामात ती साक्षीदार असते. म्हणून तपासायच्या आधी गाडी धुऊन आणू नका.

वास कुठे जास्त येतो तेही बघा. रात्रभर बंद असलेल्या गाडीचं दार उघडताच आत वास आला, तर मागच्या सीटखालचं पंपाचं झाकण आणि त्याचं पॅकिंग आधी तपासा. मागच्या चाकाजवळ आला तर फिलर पाईप, म्हणजे पेट्रोल भरायच्या तोंडापासून टाकीत जाणारा पाईप. बोनेटच्या फटीतून आला तर कार्बोरेटर किंवा इंजेक्टरची रेल (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी).

2. अशी गाडी गॅरेजपर्यंत चालवत नेली तर चालेल का?

बोनेटखाली किंवा टाकीखाली ओलं दिसत असेल तर नाही. टो करून न्या, शक्यतो फ्लॅटबेडवर. पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, आणि इंजिनच्या बाजूलाच काही शे अंश तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड असतो.

ओलं कुठेच नाही, नुसता पुसट वास आहे, तर जवळचं अंतर खिडक्या उघड्या ठेवून जाता येईल. पण रात्री गाडी बंद पोर्चमध्ये लावू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर जात नाही, फरशीवरून सरपटत घरात शिरते. गॅस गीझर, इन्व्हर्टरचा रिले, देवघरातली समई, यातलं काहीही तिला पुरेसं आहे. गॅरेजचा खड्डा तर त्याहून वाईट, कारण वाफ तिथे साचून राहते. गळतीची गाडी खड्ड्यावर घेणाऱ्या मिस्त्रीला सरळ नाही म्हणा.

गाडीत कोरड्या पावडरचं अग्निशामक सिलिंडर ठेवा. आग लागलीच तर बोनेट पूर्ण उघडू नका, हवा मिळून भडका होतो. इंजिन बंद करा, सगळ्यांना लांब करा आणि बोनेटच्या फटीतून पावडर मारा. पाणी ओतू नका, पेट्रोल पाण्यावर तरंगत पुढे पसरतं.

3. घरी स्वतः बघायचं तर सुरुवात कुठून करू?

इंजिन पूर्ण गार झाल्यावर, मोकळ्या हवेत, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून. उजेडासाठी एलईडी टॉर्च वापरा. वायरला लटकणारा जुना बल्ब नको, फुटला की ठिणगी पडते. डोळ्यांवर चष्मा हवा.

इंजेक्शनच्या गाडीत कुठलाही सांधा सोडवण्याआधी लाईनमधला दाब काढावा लागतो. गळती किरकोळ असेल तर बॅटरीची वायर काढण्याआधी पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, इंजिन सुरू करून आपोआप बंद पडू द्या, मग दोन-तीन सेकंद सेल्फ मारा. पेट्रोल उघड ओघळत असेल तर इंजिन सुरूच करायचं नाही. फ्यूज काढून गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी सांध्याभोवती जाड फडकं गुंडाळून तो हळूहळू ढिला करा. ओलं झालेलं फडकं उघड्यावर लांब वाळवा, कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. आणि पेट्रोलने हात धुवायची गॅरेजातली सवय सोडा. त्यात बेंझिन असतं, त्याने कर्करोग होऊ शकतो.

4. थेंब पडतो तिथेच गळती असते ना?

बहुतेक वेळा नसते. पेट्रोल पाईपच्या, वायरिंगच्या, इंजिन ब्लॉकच्या कडेने वाहत जातं आणि सगळ्यात खालच्या टोकावरून पडतं. गिअरबॉक्सच्या घंटीवरून थेंब पडतोय म्हणून खालचे सगळे सांधे आवळून झालेली एक पालिओ पाहिली आहे. पेट्रोल येत होतं वरच्या रेलच्या टोकाकडून, वायरिंगवरच्या काळ्या नळीच्या आतून. नळी बाहेरून कोरडी, आतून चिंब.

म्हणून थेंब कुठे पडतो यापेक्षा कधी पडतो ते आधी लिहून काढा. निम्मं निदान तिथेच होतं.

फक्त टाकी फुल असताना वास आला, तर दोष टाकीच्या वरच्या भागात: फिलर पाईप, ब्रीदर नळी (टाकीतली हवा आणि वाफ बाहेर जायची वाट), पंपाचं पॅकिंग (पाहा प्रश्न 10). नुसतं इग्निशन चालू करताच पंप दोन सेकंद घरघरतो आणि ओल दिसते, तर दाबाची लाईन, रेल, इंजेक्टर. सकाळी गार असताना गळतं आणि इंजिन तापलं की थांबतं, हे कडक झालेल्या रबराचं खास लक्षण. रबर गार असताना आखडतं, तापलं की फुगून फट बुजवतं. मालक म्हणतो, आपोआप बरं झालं. झालेलं नसतं. तापलेलं इंजिन बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी वास सुटत असेल तर कार्बोरेटरकडे बघा. वळणावर किंवा घाटातच वास येत असेल तर ब्रीदर आणि उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारी रिटर्न लाईन. आणि रात्रंदिवस, गाडी उभी असतानाही थेंब पडत असेल, तर टाकीचा तळ किंवा टाकीच्या पातळीखालचा फिल्टर.

एवढं ठरलं की संशयित भाग पुसून कोरडा करा, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरा, गाडीखाली पांढरा पुठ्ठा सरकवा. इग्निशन तीन-चार वेळा चालू-बंद करा, सेल्फ मारू नका. पावडरवर सगळ्यात वरती जो ओला ठिपका उमटतो, तिथे काम करायचं. खालचे ओघळ विसरा.

एसीचं पाणी आणि पेट्रोल यात गोंधळ होतो. ठिपका कागदावर घ्या. पेट्रोल मिनिटात उडून वास मागे ठेवतं, पाणी बसून राहतं.

5. माझी गाडी कार्बोरेटरची आहे. जुना मिस्त्री पान्याच्या दांड्याने ठोकतो की गळती थांबते. हे काय गौडबंगाल?

गौडबंगाल नाही. कार्बोरेटरच्या कपात फ्लोट असतो. पेट्रोल भरलं की तो वर येतो आणि नीडल दाबून वाट बंद करतो. टाकीतल्या गंजाचा एक कण नीडल आणि सीटमध्ये अडकला की वाट बंद होत नाही, कप भरून वाहतो. ठोकल्यावर कण सुटतो. कण जिथून आला ती टाकी मात्र तशीच असते, त्यामुळे आठवड्याने पुन्हा ठोकाठोकी. नीडल-सीट जोडीने बदला, फिल्टर बदला, टाकी आतून बघा.

फ्लोट पितळी असेल तर काढून कानाशी हलवा. आत पाणी हलल्यासारखा आवाज आला तर त्याला छिद्र पडून पेट्रोल आत शिरलंय. असा फ्लोट जड होतो, वर येतच नाही.

यांत्रिक पेट्रोल पंप असेल तर त्याच्या अंगावर खालच्या बाजूला एक बारीक छिद्र असतं. तिथून पेट्रोल येत असेल तर डायफ्राम, म्हणजे आतला लवचीक पडदा, फाटलाय. हे छिद्र एम-सीलने बुजवणारे महाभाग आहेत. छिद्र बुजलं की तेच पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची काडी काढून वास घ्या. ऑइलची पातळी वाढली असेल आणि त्याला पेट्रोलचा वास असेल, तर ऑइल बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नका, बेअरिंग जातील.

6. इंजेक्शनच्या गाडीत सगळ्यात आधी काय बघायचं?

इंजेक्टरच्या ओ-रिंग, म्हणजे सांधा बंद करणाऱ्या गोल रबरी रिंग. कार्बोरेटरच्या लाईनमध्ये दाब जेमतेम पाव बार असतो, इंजेक्शनच्या रेलमध्ये साधारण तीन बार. तिथे कडक झालेली ओ-रिंग लगेच पाझरते. काढलेली ओ-रिंग दोन बोटांत दाबून बघा. चांगली रिंग गोल राहते आणि परत उसळते. मेलेल्या रिंगला एक बाजू सपाट झालेली असते, नखाने दाबली की बारीक चिरा उघडतात.

नवी रिंग एफकेएमची (फ्लुओरो रबराची), म्हणजे बाजारात जिला व्हिटॉन म्हणतात ती घ्या. बॉशच्या जुन्या धाटणीच्या इंजेक्टरना 7.52 मिलिमीटर आतला व्यास आणि 3.53 मिलिमीटर जाडी हे माप लागतं. तरी आपली जुनी रिंग व्हर्नियरने मोजूनच मागा. कंपनीचा पार्ट मिळत नाही म्हणून रडायची गरज नाही. वाळूज-चिकलठाण्याच्या एमआयडीसीत कारखान्यांना सील पुरवणारे दुकानदार मापावर रिंग देतात. रंगावर मात्र भरवसा ठेवू नका. तपकिरी रिंग व्हिटॉनच असते असं नाही. बसवताना इंजिन ऑइलचं बोट फिरवा. कोरडी ढकलली तर कड कापली जाते आणि काम पहिल्यापेक्षा बिघडतं.

त्यानंतर रेलमधला दाब सांभाळणारा प्रेशर रेग्युलेटर. त्याची व्हॅक्यूमची बारीक नळी काढा. नळीत पेट्रोल दिसलं तर आतला डायफ्राम फाटलाय. ही गळती बाहेर कधीच दिसत नाही. नुसता ॲव्हरेज पडतो आणि सायलेन्सरला काळा धूर येतो. बांजो बोल्टचे (ज्याच्या पोटातून पेट्रोल जातं तो पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर प्रत्येक वेळी नवे टाका, ते स्वस्त असतात.

ऑक्टेव्हियानंतरच्या टीएसआयसारख्या थेट इंजेक्शनच्या गाड्यांना हे लागू नाही. तिथे उच्च दाबाच्या बाजूला शंभर बारच्या वर दाब जातो, फवारा कातडीत घुसतो. ते काम घरी करायचं नाही.

7. दुकानदार म्हणतो सगळे पाईप पेट्रोलचेच. कोणता घेऊ?

पाईपवर छापलेलं वाचा. एसएई जे30 या मानकात आर6 आणि आर7 हे कमी दाबाचे, म्हणजे कार्बोरेटर, रिटर्न आणि वाफेच्या लाईनसाठी. आर9 इंजेक्शनच्या दाबासाठी, आतून फ्लुओरो रबराचा. मी तर कार्बोरेटरच्या गाडीलाही आर9च घालतो. फरक थोड्या पैशांचा आणि इथेनॉलला तोच टिकतो (पाहा प्रश्न 8). टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेल्या पंपाला मात्र आर9 चालत नाही. त्याचं बाहेरचं आवरण बुडायसाठी बनलेलं नसतं, ते विरघळून पंपाची जाळी तुंबवतं. तिथे आर10 लागतो.

पारदर्शक प्लॅस्टिकची नळी, कूलरचा पाईप, गॅस शेगडीची नारिंगी नळी हे सगळं गाड्यांवर पाहून झालंय. नको. हायड्रॉलिक पाईप प्रेस करणाऱ्याकडून टेफ्लॉनचं अस्तर आणि स्टीलची जाळी असलेला पाईप चांगला बनून मिळतो, पण "पेट्रोलसाठी, आत टेफ्लॉन" हे शब्द उच्चारून मागा. ट्रॅक्टरचा साधा पाईप ऑइलसाठी असतो.

क्लिप गुळगुळीत पट्टीची घ्या. खाचा आरपार असलेली साधी क्लिप आवळली की पाईपचं रबर त्या खाचांतून वर येतं आणि कापलं जातं. पाईप सांध्याच्या फुगवट्यापलीकडे नीट चढला पाहिजे, क्लिप फुगवट्याच्या मागे.

एकच फुटका तुकडा बदलून बाकीचे तसेच ठेवू नका. सगळे एकाच वयाचे आहेत.

8. ई20 पेट्रोल आल्यापासून गळती सुरू झाली. दोष त्याचाच का?

अर्धा दोष त्याचा, अर्धा वयाचा. 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी 2023 मध्ये पंपांवर यायला लागलं आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. एप्रिल 2023 पासूनच्या नव्या गाड्यांचे पाईप-सील त्याला टिकतील असे केलेले आहेत. 2002 च्या गाडीचे नाहीत. जुनं नायट्राइल रबर इथेनॉलने फुगतं, मऊ पडतं. मध्ये गाडी उभी राहून ते वाळलं की आखडतं आणि चिरतं. शिवाय इथेनॉल टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवतं. तो फिल्टरमध्ये आणि फ्लोटच्या नीडलवर जाऊन बसतो.

दुसरी भानगड पाण्याची. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. गाडी पूर्ण पावसाळाभर अर्ध्या टाकीवर उभी असेल, तर पाणी-इथेनॉल तळाला वेगळं बसू शकतं आणि पत्र्याची टाकी आतून गंजते. उभी ठेवायचीच असेल तर टाकी भरून ठेवा. आपल्याच उसाचं इथेनॉल आपल्याच गाडीचे पाईप खातंय म्हणून लातूरचे वाचक चिडतात. चिडण्यापेक्षा सगळं रबर एकदाच बदलून मोकळं व्हावं.

9. टाकीला बारीक छिद्र आहे. साबण, एम-सील की वेल्डिंग?

अंगाचा साबण चोळला तर गळती खरंच थांबते, कारण साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. मांजरसुंब्याच्या घाटात अडकलात तर जवळच्या गावापर्यंत पोचण्याइतका त्याचा उपयोग. एम-सील जरा जास्त टिकतं, पण ओल्या पत्र्यावर धरत नाही आणि भोवतालचा गंज पुढे सरकतच राहतो.

वेल्डिंगला ठाम नाही. "टाकी रिकामी करून आणलीय" हे वाक्य सगळ्यात धोक्याचं. भरलेल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीत वाफ आणि हवेचं मिश्रण असतं आणि फुटतं तेच. रेडिएटरवाले जुने कारागीर टाकी गरम पाण्याने, वाफेने पुन्हा पुन्हा धुऊन मग झाळतात. ज्याला ही पद्धत माहीत नाही त्याच्या हातात टाकी देऊ नका.

पत्रा एका ठिकाणी गेला असेल तर दुसरीकडेही पातळ झालेला असतो. मला विचाराल तर दुसरी टाकी शोधा. पुण्याची नाना पेठ, दिल्लीचं कश्मीरी गेट इथे विचारणा करा, नाहीतर ॲल्युमिनिअमची बनवून घ्या. आतून लावायचं सीलर वापरायचंच असेल तर आधी गंज पूर्ण काढा आणि डब्यावर इथेनॉल चालतं असं लिहिलंय का ते बघा. प्लॅस्टिकची टाकी चिरली तर बदलायचीच.

10. फुल टँक केलं की दोन दिवस वास, मग बंद. असं का?

पंपावर नोझल कट झाल्यावर पोरगा "राऊंड फिगर करू का?" विचारतो आणि आपण मान डोलावतो. तिथून सुरुवात. जमिनीखालच्या टाकीतलं पेट्रोल गार असतं, उन्हात उभ्या गाडीत ते फुगतं. 20 अंश तापमान वाढलं तर 40 लिटरमागे जवळजवळ पाऊण लिटर. टाकीत वर सोडलेली मोकळी जागा यासाठीच असते. ती भरली की पेट्रोल ब्रीदरमधून कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये (टाकीतली वाफ शोषून धरणाऱ्या डब्यात) शिरतं, आणि भिजलेला कॅनिस्टर पुन्हा नीट काम करेलच असं नाही. आधी दोनदा कटवर थांबून बघा.

तरी वास आला तर फिलर नेक आणि टाकी यांच्यामधला जाड रबरी पाईप बघा. तो मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला असतो आणि चाकाने उडवलेली खडी थेट त्यावर बसते. वरून ठणठणीत दिसतो, चिरा मागच्या वळणात असतात. हात घालून चाचपावं लागतं.

11. सॅन स्टॉर्मसारखी फायबर बॉडी असेल तर वेगळं काही?

पत्र्याच्या गाडीत फिलर नेकला बॉडीतूनच अर्थ मिळतो. फायबरमध्ये तसं होत नाही. नेक धातूचा असेल तर त्याची चॅसीला जाणारी अर्थ वायर शाबूत आहे का ते बघा. रंगकाम किंवा गळतीचं काम करताना ती काढतात आणि परत लावायची राहते. पेट्रोल भरताना स्थिर विजेची ठिणगी पडायला तेवढं पुरतं. बाकी तपासणी प्रश्न 4 प्रमाणेच.

12. कन्नडच्या घाटात दुपारी गाडी दम तोडते, पंधरा मिनिटांनी सुरू होते. थेंब कुठेच नाही. ही गळती असू शकते?

असू शकते, आणि इथेच भले भले फसतात. यांत्रिक पंप इंजिनवर असलेल्या गाडीत टाकीपासून पंपापर्यंतची लाईन दाबाखाली नसते, ओढीखाली असते. तिथे चीर असेल तर चालत्या गाडीत पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. पंप हवा ओढतो, कार्बोरेटर रिकामा पडतो. उन्हाने लाईनमध्ये पेट्रोलची वाफ झाली तरी लक्षणं हीच.

फरक असा ओळखा. पंपावर ओलं फडकं टाकल्यावर गाडी लगेच सुरू झाली तर वाफ. मग लाईन एक्झॉस्टपासून लांब घ्या, मधला उष्णतारोधक पत्रा परत बसवा. आणि सकाळी गार हवेतही जास्त रेसला दम तोडत असेल, तर हवा शिरतेय. टाकीपासून पंपापर्यंतचा सगळा रबरी पाईप बदला.

13. ॲव्हरेजसाठी गाडीला गॅस किट बसवलंय. पेट्रोलवर टाकली की गळते.

जीटीएक्सला किट बसवणाऱ्यांशी माझं भांडण नाही, फक्त दुःख आहे. महिनोन् महिने गॅसवर चालल्याने इंजेक्टरच्या ओ-रिंग आणि पाईप वापराविना वाळतात. पेट्रोलचा दाब आला की पाझरतात. रिंग-पाईप बदला (प्रश्न 6, 7) आणि त्यापुढे रोज काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा. किट बसवताना पेट्रोलचा पाईप रिड्यूसरच्या (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाच्या) कंसाला घासत ठेवलेला असतो, तोही एकदा बघा.

14. काम झाल्यावर गळती खरंच थांबली हे कसं ठरवायचं?

सेल्फ न मारता इग्निशन चार-पाच वेळा चालू-बंद करून प्रत्येक सांध्याला टिश्यू लावा. मग इंजिन सुरू करून पूर्ण तापवा, बंद करून पंधरा मिनिटांनी बघा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गार असताना पुन्हा. शेवटी कटपर्यंत टाकी भरून एकदा. शंभरेक किलोमीटरनंतर क्लिप हाताने तपासा. नवं रबर बसतं, त्यामुळे अर्धा आटा लागतो. त्याहून जास्त आवळू नका.

15. पाईप, रिंग, पंपाचं पॅकिंग, सगळं नवं. तरी केबिनमध्ये वास. आता काय?

तीन गोष्टी राहतात. मागच्या सीटचा फोम आणि गालिच्याखालचा नमदा जुनं पेट्रोल पिऊन बसलेला असतो. तो बाहेर काढून दोन-चार दिवस उन्हात टाका. पंपाच्या झाकणातून वायर जिथे आत येते, तिथलं रबरी बूच नीट बसलंय का बघा. वाफ त्या गोल भोकातून येते आणि पॅकिंगला दोष जातो. आणि मिश्रण श्रीमंत असेल, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जात असेल, तर वास टाकीचा नसून सायलेन्सरचा असतो, मागच्या काचेतून आत ओढला जातो. ती परीक्षा पीयूसीच्या आकड्यांवरून होते.

हे तिन्ही ठीक निघालं तर डिकी उघडा आणि स्टेपनी उचला. "वाटेत लागलं तर" म्हणून पेट्रोल भरून ठेवलेली पाण्याची बाटली बऱ्याचदा तिथेच आडवी पडलेली असते.